बँडसॉच्या पट्टीचं टेन्शन नेमकं किती ठेवायचं? सागाची फळी उभी चिरताना मधे पोट येतंय

सागपेटी, सातारा

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १४ इंची चाकांची बिडाची बँडसॉ (दोन चाकांवरून फिरणाऱ्या दातेरी पट्टीची करवत) आहे, सहा इंचाचा रायझर म्हणजे उंची वाढवणारा ठोकळा लावलेला, त्यामुळे पट्टी १०५ इंचाची लागते. मी दागिन्यांच्या पेट्या आणि चौरंग करते आणि त्यासाठी पुण्याच्या टिंबर मार्केटमधून जुन्या वाड्यांच्या तुळया आणते, त्यातून सात इंच रुंद आणि ५-६ मिमी जाड अशा फळ्या उभ्या चिरून काढायच्या असतात.

अडचण अशी आहे की काप वरून बघितला तर अगदी रेघेवर, खालूनही रेघेवर, पण फळी सुटून हातात आली की मधे पोट. एक फळी कडांना ६ आणि मधे ८, तिच्या शेजारची मधे जेमतेम ४. मग रंधा मारून सपाट करेपर्यंत निम्मं लाकूड भुशात जातं, आणि जुना साग आज काय भावाने मिळतो ते सगळ्यांना माहीतच आहे.

पट्टी सहा सुती म्हणजे पाऊण इंची आहे. मशीनच्या काट्यावर पाऊण इंचाची खूण आहे तिथपर्यंत टेन्शन दिलंय तरी हे होतंय. अजून पिळायला गेलं तर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकायला आलेत, पुढे न्यायची भीती वाटते. एका मिस्त्रींनी सांगितलं की पट्टी बोटाने छेडायची, टणकन बोलली की झालं. दुसरे म्हणाले अंगठ्याने बाजूने दाबल्यावर पाव इंच हलली पाहिजे. पण त्यांच्या अंगठ्याचा जोर आणि माझ्या अंगठ्याचा जोर एक कसा असेल? मोजता येईल असा काही उपाय आहे का, आणि मशीनवरचा काटा खरा धरायचा की नाही?

तासणी

ताई आधी तीन गोष्टी सांगा. पट्टीला इंचात दाते किती, पट्टीची जाडी किती, आणि वरचा गाईड, म्हणजे पट्टीला बाजूने धरणारा आधार, लाकडापासून किती उंच ठेवता.

काटा खरा धरू नका. तो काटा पट्टीचा ताण दाखवतच नाही, स्प्रिंग किती दबली एवढंच दाखवतो. पाऊण इंची पट्टी पातळही मिळते आणि जाडही मिळते, काट्याला त्यातलं काय कळणार. शिवाय स्प्रिंग जुनी झाली की मऊ पडते, मग तितकीच दाबली तरी जोर कमी भरतो.

मी करतो ते सांगतो. दोन्ही गाईड आणि मागचं बेअरिंग पट्टीपासून पूर्ण लांब घ्यायचं, दारं बंद करायची, मशीन चालू करायची, आणि बाजूला उभं राहून टेन्शन हळूहळू कमी करत जायचं. एका जागी पट्टी थरथरायला लागते, टेबलाच्या वर तिची कड धूसर दिसते. तिथून उलट पिळत यायचं, थरथर थांबली आणि कड स्वच्छ दिसली की अजून पाव फेरा, बास. कुठलंही मीटर लागत नाही.

भोसरी_टूलरूम

तासणी भाऊंची पद्धत चांगली आहे पण माझ्या मते तिने फक्त कमीत कमी ताण कळतो, म्हणजे याच्या खाली जाऊ नका एवढं. वळणाच्या कामाला, चार सुतापेक्षा बारीक पट्टीला तेवढं पुरतं. सात इंच साग उभा चिरताना पट्टी मोकळी थरथरते का हा प्रश्नच नसतो, लाकूड मागे ढकलत असताना ती दोन गाईडच्या मधे वाकते का हा असतो. त्याला ताण बराच जास्त लागतो आणि तो मोजलेला बरा.

आमच्याकडे धातू कापायच्या आडव्या बँडसॉ आहेत, २७ बाय ०.९ मिमीची बायमेटल पट्टी (दाते कठीण पोलादाचे, पाठ लवचिक पोलादाची), तिथे टेन्शन मीटर लावून ३०० न्यूटन प्रति चौरस मिमीच्या आसपास ठेवतो. मीटर महाग असतो पण त्याचं तत्त्व साधं आहे आणि घरी डिजिटल व्हर्नियर असेल तर तेच काम होतं. पोलाद ताणलं की ठरलेल्या प्रमाणात लांबतं. १०० मिमी लांबीच्या पट्टीत ०.०१ मिमी वाढ झाली म्हणजे ताण दर चौरस मिमीला २० न्यूटनने वाढला (पुढे नुसतं न्यूटन लिहिलं तरी दर चौरस मिमीलाच समजा), पट्टी रुंद असो की अरुंद, जाड असो की पातळ.

करायचं असं. प्लग काढा. पट्टी चाकांवर नुसती सरळ राहील एवढीच ताणा, ढिली लोंबकळती नको. व्हर्नियर १०० मिमीला उघडून दोन्ही जबडे पट्टीच्या पाठीकडच्या भागावर छोट्या क्लॅम्पने पकडा, दात्यांवर नको. वरचा जबडा घट्ट, खालचाही घट्ट, पण व्हर्नियरचा लॉक स्क्रू मोकळा पाहिजे म्हणजे तो सरकेल. डिस्प्ले शून्य करा. आता हळूहळू पिळा आणि आकडा बघा. साध्या कार्बन स्टीलच्या पट्टीला ०.०५ ते ०.०७ म्हणजे १०० ते १४० न्यूटन, अमेरिकन कॅटलॉगमध्ये हेच १५००० ते २०००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) लिहिलेलं असतं. बायमेटल याच्या वर सहज जाते, पण तेवढा जोर तुमच्या मशीनच्या फ्रेममध्ये आणि स्प्रिंगमध्ये आहे का ते आधी बघावं लागेल. क्लॅम्प काढल्याशिवाय प्लग लावू नका, हे सांगायला नको पण सांगतोच.

एकदा मोजून झालं की काट्याशेजारी मार्करने स्वतःची खूण करून ठेवा, त्या पट्टीपुरती. रोज व्हर्नियर लावत बसायची गरज नाही.

सागपेटी, सातारा

आज दुपारी व्हर्नियर लावून बघितलं. काट्यावर पाऊण इंचाच्या खुणेला ०.०३ आलं. स्प्रिंगचे वेढे टेकेपर्यंत पिळलं तरी ०.०४ च्या पुढे जाईना.

तासणी दादा, पट्टीला इंचात ६ दाते आहेत, दुकानात तीच मिळाली. जाडी ०.८ मिमी. गाईड लाकडापासून दोन अडीच इंच वर असतो, कारण खाली घेतला की रेघ नीट दिसत नाही.

भोसरी_टूलरूम

मग उत्तर या आकड्यातच आहे. ०.०३ म्हणजे ६० न्यूटन, हवंय त्याच्या निम्मं. आणि यात तुमच्या हाताचा काही दोष नाही, मशीनच्या स्प्रिंगची ताकदच तेवढी आहे.

हिशोब बघा. पाऊण इंच म्हणजे १९ मिमी गुणिले ०.८, साधारण १५ चौरस मिमी. ६० न्यूटन म्हणजे दर चौरस मिमीला ६ किलो धरा, झाले ९० किलो. पट्टीच्या दोन बाजू असतात, चाकाच्या डावीकडची आणि उजवीकडची, म्हणून स्प्रिंगवर १८० किलो. तुमची स्प्रिंग त्या खुणेला १८० किलो देतेय. याच पट्टीला १०० न्यूटनला न्यायचं तर ३०० किलो लागतील, ते या स्प्रिंगमध्ये नाहीत.

आता चार सुती पट्टी घ्या, ०.६ जाडीची. १२.७ गुणिले ०.६ म्हणजे साडेसात चौरस मिमी. तेच १८० किलो, एका बाजूला ९०, भागिले साडेसात, आले १२ किलो म्हणजे जवळपास १२० न्यूटन. स्प्रिंग आहे त्याच जागी, काटा त्याच खुणेवर, आणि पट्टी अगदी बरोबर ताणलेली. बऱ्याच १४ इंची मशीनच्या पत्रकात पाऊण इंची पट्टी चालते असं छापलेलं असतं, ती चाकावर बसते हे खरं आहे, पण उभ्या चिरकामाला तिला पुरेसं ताणणं त्या स्प्रिंगच्या आवाक्यात नसतं. लोकांना वाटतं रुंद पट्टी म्हणजे सरळ काप. रुंद पट्टी पुरेशी ताणता आली तरच ते खरं, नाहीतर नीट ताणलेली चार सुती पट्टी ढिल्या सहा सुतीपेक्षा कधीही सरळ जाते.

अजून एक, जाडीचं. ०.८ ची पट्टी १४ इंची चाकावरून वाकून जाते तेव्हा नुसत्या वाकण्यानेच तिच्या बाहेरच्या बाजूला साडेचारशे न्यूटनच्या आसपास ताण येतो, आणि प्रत्येक फेऱ्यात दोनदा येतो. ०.६ च्या पट्टीला तोच साडेतीनशेच्या आत राहतो. पट्ट्या दात्यांच्या खाचेतून तडकतात त्याचं मुख्य कारण हे वाकणं असतं. तुम्ही दिलेलं टेन्शन त्या मानाने बरंच कमी आहे. त्यामुळे जास्त पिळलं तर तुटेल ही भीती बाळगून ढिली चालवण्यापेक्षा पातळ पट्टी घेणं शहाणपणाचं.

तासणी

आकडेमोड पटली. पण ताई एक सांगतो, टेन्शन बरोबर करूनही ही ६ दात्यांची पट्टी तुम्हाला पोटच देणार. सात इंच लाकडात एका वेळी ४२ दाते गुंतलेत. प्रत्येक दात्यासमोरची खाच भुशाने लाकडाच्या निम्म्यातच भरून जाते, पुढे भुसा मावायला जागा नाही, मग दाता कापत नाही नुसता घासतो, तुम्ही मागून जोर लावता आणि पट्टी वाट मिळेल तिकडे वाकते. वरचं आणि खालचं टोक गाईडजवळ असतं म्हणून तिथे सरळ, मधे मोकळी म्हणून मधे पोट. तुमच्या फळीचं वर्णन वाचूनच मला वाटलं होतं.

इंचाला ३ दात्यांची घ्या, हुक म्हणजे पुढे झुकलेल्या दात्याची. दुकानात नसेल तर गुंडाळीतून कापून जॉइंट मारून देणारे आहेत त्यांच्याकडे मागा. आणि गाईड खाली घ्या हो. लाकडाच्या वर बोटभर जागा खूप झाली. दोन गाईडमधलं अंतर जितकं कमी तितकी पट्टी ताठ, हे फुकटचं आहे, याला ना स्प्रिंग लागते ना खर्च. रेघ दिसत नाही म्हणता तर उभ्या चिरकामाला रेघ बघत बसूच नका, फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायची सरळ पट्टी, लावा. एका भंगार तुकड्यावर हाताने रेघेवर अर्धी चीर मारा, लाकूड कुठल्या कोनात ढकलावं लागलं ते टेबलावर पेन्सिलने आखा आणि फेन्स त्या कोनाला बसवा.

वखारकर, चंद्रपूर

आमची सॉ मिल आहे, ३६ इंची चाकं. आमच्याकडे स्प्रिंग नसते, वरच्या चाकाला दांडा असतो आणि दांड्याला वजनं टांगलेली असतात. पट्टी रुंद लावली की वजन वाढवायचं. यात मजा अशी की पट्टी तापून लांबली तर दांडा थोडा खाली जातो पण वजन तेवढंच राहतं म्हणून ताणही तेवढाच राहतो.

हे लहान मशीनवाल्यांनी लक्षात घेण्यासारखं आहे. १०५ इंची पट्टी ३० अंशाने तापली तर जवळपास एक मिमी लांबते. आणि १०० न्यूटनचा ताण देताना तुम्ही तिला एकूण लांबवता किती, तर सव्वा मिमीच्या थोडं वर. म्हणजे स्प्रिंग नसती तर तापल्यावर ताणाचा मोठा भाग गायबच झाला असता. स्प्रिंग ते लांबणं भरून काढते. म्हणून वेढे एकमेकांना टेकेपर्यंत स्प्रिंग कधी दाबू नये. वेढे टेकले की तिचा लोखंडी ठोकळा झाला, मग चाकाखाली भुशाचा गोळा आला किंवा तापलेली पट्टी गार होऊन आकसली की सगळा झटका पट्टीवर आणि वरच्या चाकाच्या शाफ्टवर. टेकलेल्या जागेपासून निदान दोन फेरे तरी मागे राहायला पाहिजे.

सागाबद्दल एक. सागात सिलिका असते, साधी कार्बनची पट्टी लवकर बोथट होते आणि बोथट पट्टी हुबेहूब ढिल्या पट्टीसारखी वागते, तसंच पोट, तसाच काप सरकणं. त्यामुळे नवीन पट्टीवर टेन्शन लावून, मोजून, समाधान करून घ्या आणि नंतर काप बिघडला की आधी धार बघा, टेन्शनचा दांडा फिरवायला जाऊ नका. जुन्या पट्टीवर टेन्शन शोधत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

जुन्या तुळयांत खिळे असतात. चुंबक फिरवून बघत जा, काळा डाग दिसला की तिथे खिळा होता किंवा अजून आहे असं समजायचं. एका बाजूचे दाते खिळ्याने गेले की पट्टी कायम दुसऱ्या बाजूला ओढते, मग कितीही ताणा.

स्वरपट्टी

वरती मूळ प्रश्नात छेडून आवाज ऐकायची गोष्ट आली होती त्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मिस्त्री बरोबर सांगत होते, फक्त कुठला आवाज ते सांगायचं राहिलं. पट्टी तंबोऱ्याच्या तारेसारखीच आहे, मोकळी लांबी आणि ताण ठरला की स्वर ठरला. आणि हा स्वर पट्टीच्या रुंदीवर जवळपास अवलंबून नसतो, म्हणजे चार सुती काय आणि सहा सुती काय, प्रति चौरस मिमी ताण सारखा असेल तर बोलणार सारखीच.

आता फोनमध्ये फ्रिक्वेन्सी दाखवणारी फुकट अ‍ॅप आहेत. प्लग काढून मागचं कव्हर उघडा, जिथे गाईड नाहीत त्या बाजूची म्हणजे चाकाकडे परत जाणारी पट्टी बाजूने सपाट अंगावर हलकी छेडा. तुमच्या मशीनला १४ इंची चाकं आणि १०५ इंच पट्टी म्हणजे दोन चाकांमधली मोकळी लांबी ७७५ मिमीच्या आसपास येते, तिला १०० न्यूटनला साधारण ७३ हर्ट्झ, १२० ला ८० हर्ट्झ. तुमचे आत्ताचे ६० न्यूटन असतील तर ५६ दाखवेल. स्वर दुप्पट चढला की ताण चौपट झालेला असतो हे लक्षात ठेवा, म्हणून थोडासा फरकही खूप असतो. कधी कधी अ‍ॅप दुप्पट आकडा दाखवतं कारण फोनच्या माईकला इतका खालचा स्वर नीट ऐकू येत नाही, १४६ दिसलं तर ७३ समजा.

पुढच्या बाजूने, गाईड लावलेले असताना छेडलंत तर लांबी वेगळी, स्वर वेगळा, दोन जणांचं जमणारच नाही. माझ्या अनुभवाने व्हर्नियरपेक्षा हे जास्त सोपं पडतं, क्लॅम्प सरकायची भीती नाही आणि दर वेळी मोजता येतं.

भोसरी_टूलरूम

हे छान सांगितलंत. सूत्राने तपासलं, जुळतंय. फक्त ज्यांच्या मशीनची चाकं किंवा पट्टीची लांबी वेगळी आहे त्यांनी हे आकडे तसेच उचलू नका. मोकळी लांबी काढायला पट्टीच्या एकूण लांबीतून एका चाकाचा घेर वजा करून दोनने भागायचं, आणि लांबी वाढली की त्याच प्रमाणात हर्ट्झ कमी होतात.

सागपेटी, सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. ३ दात्यांची चार सुती ०.६ जाडीची पट्टी मागवतेय. दोन शंका आहेत. सागासाठी बायमेटल घेऊ का, आणि काम संपल्यावर टेन्शन रोज सोडायचं की नाही? काही जण म्हणतात रोज सोड-ताण केल्याने पट्टी लवकर जाते.

वखारकर, चंद्रपूर

सोडायचं. आम्ही संध्याकाळी मशीन बंद झाली की वजनं उतरवतो. तुमच्या मशीनला चाकांवर रबर आहे, पट्टी एकाच जागी दाबून ठेवली की रबरात खड्डा पडतो आणि मग ती जागा आली की पट्टी उडते, स्प्रिंगही मऊ पडत जाते. दुपारच्या जेवणाला सोडायची गरज नाही, दिवसाच्या शेवटी पुरे. पूर्ण ढिली करू नका नाहीतर चाकावरून उतरते आणि सकाळी परत चाकावर बसवत बसावं लागतं, तीन-चार फेरे सोडले की झालं. किती फेरे ते ठरवून ठेवा म्हणजे सकाळी तेवढेच पिळायचे.

मात्र टेन्शन सोडल्याची पाटी स्विचवर अडकवा. घरात दुसरं कुणी मशीन वापरत असेल तर हे फार गरजेचं आहे, ढिल्या पट्टीवर मशीन चालू झाली की ती चाकावरून निघते.

भोसरी_टूलरूम

बायमेटल सागात नक्कीच जास्त टिकते, पैसे वसूल होतात. पण तिला १७० न्यूटनपर्यंत नेलंत तर चार सुती ०.६ लाही स्प्रिंगवर अडीचशे किलो पडतात, तुमच्या स्प्रिंगला ते जमणार नाही. १२० ला चालवा, काम होईल, सरळपणा थोडा फीडवरून म्हणजे लाकूड ढकलण्याच्या वेगावरून सांभाळा. बाजारात १४ इंची मशीनसाठी जाड तारेच्या बदली स्प्रिंग मिळतात, पण ती टाकण्याआधी वरच्या चाकाचं ब्रॅकेट बघा, बऱ्याच मशीनला ते हलकं ओतीव असतं आणि जोर वाढला की तेच वाकतं किंवा तडकतं. मी तरी आधी साध्या कार्बनच्या ३ दात्यांच्या पट्टीवर सगळं बसवून घेईन आणि मग बायमेटलचा खर्च करीन.

नवीन पट्टी आली की पहिल्या काही फळ्या नेहमीच्या निम्म्या वेगाने ढकला, कोवळी धार एकदम जोर दिला तर टोकं मोडतात. आणि जॉइंट बघून घ्या. पट्टीच्या पाठीला स्टीलची पट्टी लावून जॉइंटजवळ उजेड दिसतो का, आणि सपाट अंगावर नख फिरवून गाठ लागते का. गाठ असेल तर गाईडमधून जाताना टकटक वाजेल, तिथे कितीही बरोबर टेन्शन दिलंत तरी काप लाटा मारणार. दुकानदाराला परत द्या, घासून द्यायला लावा.

तासणी

आणि जाताजाता, हातमोजे घालून बँडसॉवर काम करू नका, सात इंची काप शेवटी सुटताना ढकलायला लाकडाचा ठोकळा वापरा. पट्टी बसली की फळीचा फोटो टाका, मधली आणि कडेची जाडी मोजून लिहा म्हणजे बाकीच्यांनाही उपयोग होईल.